आमच्या घरात घोडे कधी होते?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे दिग्दर्शक महाशय, आज निवृत्त होणारे आमचे प्रकाशक, उद्यापासून त्यांची खुर्ची सांभाळणाऱ्या त्यांच्या कन्या आणि रसिकहो,

साहेबांबद्दल चार गौरवाचे शब्द बोलायला मला सांगितलं आहे. चार कशाला, एकच पुरेल: 'महा'. साहेबांच्या हाती कविता गेली की महाकाव्य होऊन बाहेर येई, कादंबरी गेली की महाकादंबरी. शिंक आली तरी ते ती खंडांत काढत असतील.

मी त्यांना जेमतेम शंभर पानं दिली होती. एका स्वयंपाकघरात दोन जावा, माझी आई आणि थोरली काकू, वर्षभर एकमेकींशी बोलत नाहीत. एका दुपारी आई मुकाट्यानं मिठाची बरणी काकूपुढे सरकवते. गोष्ट संपली.

साहेब म्हणाले, "छान. पण यात युद्ध कुठंय?"

"हेच युद्ध."

"अहो, वाचकाला सैन्य दिसायला हवं!"

करारात 'आवश्यक ते संपादकीय संस्कार' असे शब्द होते. संस्कार झाले! सात पिढ्या आल्या, घोडदळ आलं, दोन वेढे पडले. पुढे त्यावरच्या सिनेमात दिग्दर्शक महाशयांनी तर स्वयंपाकघराला आग लावून त्यातून घोडे पळवले. मीठ कुठे दिसलंच नाही. टाळ्या वाजवा, संकोच नको. धूळ ते फार सुंदर उडवतात.

महाकाव्य मोठं कशामुळे होतं, हा प्रश्न या दोघांना कधी पडला असेल का? त्यात लाख माणसं उभी असतात, ती एकाचा दाटलेला कंठ ऐकू यावा म्हणून. हे कंठ गाळतात आणि माणसं वाढवतात.

काकू आता थकली आहे. हे पुस्तक तिला हातात पेलवत नाही. मांडीवर उशी घेऊन तिनं थोडं वाचलं आणि विचारलं, "काय रे, आपल्या घरात घोडे कधी होते?" डोळे साथ देताहेत तोवर तिला स्वतःची गोष्ट वाचायची आहे. ती मूळ शंभर पानं छापायला मी पुस्तकाचे हक्क परत मागितले की साहेब म्हणतात, "बघू." आज सभेसमोर मागतो. साहेब, द्याल?

नुसते हसताय. म्हणजे 'बघू'.

काय म्हणालात ताई? जरा माइकवर या. "उद्या माझी सही चालेल ना, काका?" अहो, चालेल काय, धावेल! तेही घोड्यांशिवाय.

सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. फक्त माझ्या चुकीला कुणी 'महा' लावू नका. मी निघतो. मीठ परत मिळालं, हे काकूला सांगायचंय.