पोर्तुगालचा फ्लेक्स

आमच्या संज्याला ध्यान शिकवायचं खूळ लागलं, तेव्हाचं सांगतो. राजारामपुरीत गल्लोगल्ली क्लास, पण ध्यानाचा मास्तर व्हायला ह्याला परदेशच पायजे! बाली, थायलंड का पोर्तुगाल, तेच ठरंना. एकदा चहा पिताना नुसतं म्हणाला, "पोर्तुगालचा कोर्स बरा वाटतोय. तिथं अहंकार सोडायला शिकवत्यात."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौकात फ्लेक्स लावला. 'पोर्तुगालला निवड झाल्याबद्दल संजयभाऊंचे हार्दिक अभिनंदन!' मधी मांडी घातलेला संज्या, खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही सगळी, गॉगल लावून.

दुपारी संज्या बोंबलतच आला. "लका, अजून मुलाखतबी झाली न्हाय! उतरवा की त्यो!"

"आता कसा उतरवायचा? तुझा मामा राधानगरीहून येऊन त्याच्याम्होरं सेल्फी काढून गेलाय."

म्हणजे आता नापास झाला, तर चौकातनं जायची सोय न्हाय. मुलाखत लॅपटॉपवर होती. आम्ही बाजूला गपगार बसलेलो. तिकडच्या गुरुमाईनं विचारलं, "एवढे कोर्स सोडून आमचाच का निवडलास?"

खरं बोलायचं, हा त्यांचा पहिलाच नियम. संज्या म्हणाला, "मॅडम, चौकात बोर्ड लागलाय." आणि मोबाईलवरचा फोटोच कॅमेऱ्याम्होरं धरला.

बाई डोळं बारीक करून बघतच बसली. आम्ही म्हटलं, गेली ॲडमिशन.

शेवटी तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "ह्यात माझा फोटो कुठं हाय?"