पावेलला केलेला आग्रह

इथे आखातात, सित्राच्या प्लांटवरचा आमचा चेक इंजिनिअर पावेल आमच्या गुदैबियातल्या घरी जेवायला येणार होता. बायको म्हणाली, "आग्रह करायला त्यांच्या भाषेतला एक तरी शब्द शिकवा." मी शिकवला, मुसीते. म्हणजे, तुम्हाला घ्यावंच लागेल. मग काय, दर पुरणपोळीला तिचं "मुसीते" आणि हा बिचारा हुकूम समजून खातोय. शेवटी घामाघूम होऊन त्याने मला इंग्रजीत हळूच विचारलं, "नकार दिला तर?"

"काही होत नाही. आमच्यात तीनदा 'नको' म्हणायचं, की सुटका."

त्याने ताटावर हात आडवा धरला. "नको, नको, नको."

बायको हरखली. "अहो, किती गोड मराठी बोलतात हे," म्हणाली, आणि त्या कौतुकात त्याच्या हाताखालून आणखी एक पोळी सरकवली.