ग्रीक देव आणि आमची ही

…आणि वर मलाच म्हणते, "तुम्ही ग्रीक आहात!" अहो, मी? ग्रीक? उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला माझा, निवृत्त झालो तरी नखांतलं ग्रीस निघत नाही, तेवढाच काय तो त्या देशाशी माझा संबंध! आणि माझी सख्खी बायको मला ग्रीक म्हणते!

झालं काय, तुम्हाला सांगतो, ही संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली. वाचनालयाच्या अगदी वरच्या मजल्यावर एक बाई शिकवतात. विषय काय, तर प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांचा देव आणि प्राचीन हिब्रू, म्हणजे ज्यू लोकांचा देव, दोघांत फरक काय! आता मला सांगा, घरात नळ गळतोय, खिडकीची बिजागरी निखळलीय, आणि हिला काळजी कसली, तर हजारो वर्षांपूर्वी कुणाचा देव कसा होता! पण मी अडवलं का? नाही. जा म्हटलं. म्हणजे… म्हटलं असंही नाही, "हं" म्हटलं. सांगा ना, मी काय केलं? काही केलं का मी? काहीच नाही!

पहिल्या दिवशी वर्गाहून आली, पर्स ठेवली, आणि माझ्या खुर्चीसमोर उभी राहून बघतच राहिली. म्हणाली, "अगदी तुम्ही!"

म्हटलं, "कोण?"

"ग्रीकांचा देव. गोष्टींतले ते भांडकुदळ देव नव्हेत हं, त्यांच्या तत्त्वज्ञांनी डोकं चालवून शोधला तो. बाई म्हणाल्या, तो परिपूर्ण असतो. त्याला कशाची कमी नाही, म्हणून त्याला काही नको असतं. बदलत नाही, रागावत नाही, रडत नाही. स्वतः जागचा हलत नाही, पण त्याच्या ओढीनं सगळं जग फिरतं."

आता मला सांगा, इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं आपल्याला एकदम देव म्हटलं तर छाती फुगेल की नाही? फुगली! वाण्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. न्हावी तर वस्तरा हातात धरून म्हणाला, "मान जरा वर करा देवा!" दोन दिवस असे मजेत गेले, आणि मग ही भाजी चिरता चिरता हळूच म्हणते, "आणि तो विचार कशाचा करतो, माहितीय? फक्त स्वतःचा. त्याच्याहून थोर दुसरं काही नाहीच, मग दुसऱ्या कशाचा करणार? खाली आपण जगतोय का मेलोय, त्याला पत्ताही नसतो." आणि कांदा असा चिरला, असा चिरला की मीच मान मागे घेतली!

मग आला तो दुसरा देव. त्या संध्याकाळी ही आली ती चमकतच आली. "अहो, हिब्रूंचा देव बोलतो हो! संध्याकाळच्या गार वाऱ्यात बागेत फिरतो. माणूस चूक करून झाडामागे लपला, तर 'कुठे आहेस रे?' म्हणून हाक मारतो. रागावतो, मग त्याचं त्यालाच वाईट वाटतं. शब्द दिला की पाळतो. गुलामांचं रडणं ऐकून खाली उतरतो. आणि एक म्हातारा तर त्याच्याशी चक्क घासाघीस करतो! या गावात पन्नास भले लोक निघाले तर गाव सोडशील का? बरं, चाळीस? बरं, दहा? आणि तो ऐकून घेतो!"

मी आपलं सरळ मनानं म्हटलं, "मग हा कसला देव? घटकेत राग, घटकेत माया, शब्दाला शब्द… ही तर तुझी बहीण झाली!"

झालं! चेहरा असा पडला. म्हणाली, "माझी बहीण निदान विचारते तरी, कशी आहेस म्हणून. सकाळी डॉक्टरकडे जाऊन आले मी. गुडघ्याचं काय झालं, विचारलंत?"

"तू सांगितलं नाहीस!"

"तुम्ही विचारलं नाहीत!"

आणि भरली पिशवी, लंगडत लंगडत निघाली बहिणीकडे. दारात थांबली एकदा. मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबली असावी. मी काय केलं? काहीच नाही!

म्हटलं, येईल. आपल्या ओढीनं येईल, त्यांचं तत्त्वज्ञानच आहे ना तसं? बसलो खुर्चीत, हलायचं नाही! पण तुम्हाला सांगतो, जग काही फिरेना! दूध नासलं, झाडं सुकली, तो नळ आपला टप… टप… टप… मी परिपूर्ण आहे हो, पण परिपूर्ण माणसाला मोजे सापडेनात! शेवटी मेहुणीला फोन केला. तिचा आवाज असा, साखरेत बुडवलेला: "ताई झोपलीय हं भावजी. काही निरोप?" आता ताई दिवेलागणीला झोपते? म्हटलं, "नाही, काही नाही." ठेवला फोन. आणि मग मात्र माझं डोकं फिरलं. माझं सोन्यासारखं घर, आणि ते मोडलं कुणी? त्या बाईंनी! दोन देव आणून घातले माझ्या संसारात! चढवले बूट आणि निघालो भांडायला.

तर वाचनालयाची लिफ्ट बंद! माझ्यासारख्या माणसापुढे बंद लिफ्ट म्हणजे बघा… चार मजले चढलो, दर मजल्यावर राग एकेक पायरी पुढे. दार ढकललं. पन्नाशी-साठीची सगळी मंडळी वळून बघायला लागली. आमची ही पहिल्या बाकावर, पाय स्टुलावर ठेवून. बाई म्हणजे एवढीशी मूर्ती, हातात खडू.

म्हटलं, "बाई, न हलता दुसऱ्याला हलवणारं यंत्र मी जन्मात पाहिलेलं नाही! लिफ्ट हलते कारण वर मोटर फिरते. तुमचा हा देव कुठल्या कंपनीचा?"

बाई शांत. म्हणतात कशा, "दुकानाच्या काचेतली बाहुली हलते का हो? पोर मात्र धावतं तिच्याकडे. तशी त्याची ओढ."

"मग ही का नाही आली धावत?" मी ओरडलो. "मी तर बसलो होतो की, न हलता!"

अख्खा वर्ग हसला हो! एक टकलू तर डोळे पुसत होता. ही हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मग आत्ता कशाला आलात?"

तुम्हाला सांगतो, जिने चढताना तोंडभर वाक्यं जुळवली होती. एक आठवेना! आणि तोंडातून निघालं काय, तर… "गुडघा… डॉक्टर काय म्हणाले?"

ही खाली बघत म्हणाली, "पाणी झालंय. ऑपरेशन करायला लागेल कदाचित. जिने चढू नका म्हणाले."

"मग चार मजले चढून इथे येतेस कशाला?" अहो, असा गरजलो मी, खडू पडला बाईंच्या हातातला! "पायाचं भजं करून घ्यायचंय का? त्या बहिणीला कळत नाही? सोबतीला कुणी नाही? मला सांगायला काय झालं होतं?" आवाज कापत होता माझा. रागानं हं, रागानंच!

तर बाई काय करतात? खडू उचलतात आणि माझ्याकडे बोट दाखवून वर्गाला म्हणतात, "हा राग बघून घ्या. ग्रीक तत्त्वज्ञ विचारत, जो परिपूर्ण आहे तो रागावेल कशाला? हिब्रू विचारत, ज्याला आपली पर्वा आहे तो रागावणार नाही कसा?" आणि मंडळी वहीत उतरवून घ्यायला लागली! मला! भांडायला आलेल्या माणसाचं उदाहरण केलं हो! मी काय केलं होतं त्यांचं?

बरं, हिला जिन्यानं कसं उतरू द्यायचं? रखवालदाराला हलवला, किल्ली काढून घेतली, पाहिलं तर दाराचा एक स्विच सरकलेला, बस्स, एवढ्यावर अख्खी इमारत पायी चढत होती! बसवला. हिला हात धरून आत घेतली. लिफ्ट खाली निघाली, तशी ही म्हणाली, "बोला की काहीतरी."

आणि बोललो. नासलेल्या दुधापासून सुरुवात केली ती घरी येईपर्यंत, घरी येऊन नळ दुरुस्त करेपर्यंत, जेवणावर, हात धुताना… आणि तेव्हापासून, काय सांगू, थांबताच येईना! गोळी घेतलीस का? शेक घेतलास का? डॉक्टर नेमकं काय म्हणाले, पुन्हा सांग! ही इकडच्या खोलीत तर मी इकडे, ही तिकडच्या खोलीत तर मी तिकडे. परवा बाईंशी फोनवर बोलताना ऐकलं मी, "बाई, ते ग्रीकच बरे होते हो!" आणि आज सकाळी दोन्ही हात जोडून मला म्हणाली, "देवा, पाया पडते, घटकाभर बाहेर जा आणि दुसऱ्या कुणाचं तरी डोकं खा!"

…म्हणून तर आलोय तुमच्याकडे.