मदतीवाचून

हेल्पलेस हा शब्द मी हल्ली तोंडातून काढत नाही. का, ते ऐका. बंगळूरच्या बनशंकरीत आमच्या शेजारी अप्पा एकटेच राहतात, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. पक्षाघातानं उजवं अंग गेलंय, म्हणून जेवणखाण मी बघते. परवा शहराच्याच कडेच्या बोम्मसंद्राहून त्यांच्या मुलाचा फोन आला.

"अक्का, स्पीकरवर टाका. अप्पा, याही रविवारी जमत नाही हो. फॅक्टरीत सुटी देत नाहीत. आय ॲम हेल्पलेस."

अप्पा अडखळत म्हणाले, "त्यातलं लेस म्हणजे कमी नव्हे रे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'वाचून'. मदतीवाचून पडलेला, तो हेल्पलेस. तुला कुणाची मदत हवी होती?"

फोनवर मागे मशीनचा आवाज येत होता.

"मग तो शब्द माझ्यासाठी ठेव," अप्पा म्हणाले.