पोळ्याला भाड्यानं दिलेले बैल

कनेरगाव नाक्यावर शिवकन्या बाकावर बसून बसची वाट पाहत होती. पाठीमागं उकंडराव, पुण्याहून सणाला आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या पुतण्यावर तापले होते.

"भागवत, पोळ्याला बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत, ठावं हाय ना?"

"हाय, काका."

"मंग तुह्या अ‍ॅपनं आजच माझी जोडी पिकातलं तण काढाय, डवरणीला भाड्यानं काहून दिली? रविवारी मात्र बैलायला सुट्टी!"

"अ‍ॅप एआयनं लिहिलंय. त्याला पोळा ठावा नसंल."

"तुला ठावा व्हता. सांगायचं न्हाई?"

"त्यानं इचारलंच न्हाई."

शिवकन्येची बस आली. ती उठली नाही.

"गिऱ्हाईक घरी ओट्यावर बसून राहिलं, अन् बैलं झूल घालून उभे हायेत. काय सांगू त्याला?"

"थांबा काका, एआयला इचारतो."