जिन्याखालचा मतदार

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि शाळा व्यवस्थापन समितीचे प्रमुख आदरणीय किसनराव पाटील, प्रमुख पाहुण्या सरपंच सीमाताई, व्यासपीठावर बसलेले शिक्षण विभागाचे मान्यवर, सत्कारमूर्ती श्रीमती जमुनाताई गावंडे, त्यांचे यजमान आणि लेकी-जावई, या शाळेचे आजी-माजी शिक्षक, ग्रामस्थ बंधू-भगिनी आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या छोट्या दोस्तांनो, सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

माझं नाव धम्मदीप तायडे. मी पातूर तालुक्यातला. गावाच्या फाट्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायांचं काम हातांनी करतो. तीनचाकी सायकल हातानं चालवून चालवून दंड मात्र असे झाले आहेत की गावातली पोरं माझ्याशी पंजा लढवायला बिचकतात.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस ना या गावचा, ना बाईंचा विद्यार्थी, ना नात्यातला. मग याच्या हातात माइक कशासाठी? रास्त प्रश्न आहे. मला बोलावणं धाडणाऱ्या इथल्या अमोल सरांना मीही फोनवर तेच विचारलं. ते म्हणाले, "बाईंना विचारलं होतं, शाळेबाहेरचं कोणी बोलवायचं का. त्यांनी एकच नाव सांगितलं, ते तुमचं." मंडळी, ज्या बाईंशी माझी भेट उण्यापुऱ्या एका सकाळची, त्यांनी निरोपाच्या दिवशी माझं नाव घ्यावं, यापरता माझा सत्कार तो कोणता?

ती सकाळ आज तुम्हाला सांगायची आहे. पण त्याआधी थोडं मागं जावं लागेल.

दोन हजार एकोणीसची विधानसभा. आमच्या केंद्राला उंच ओटा होता, उतार नव्हता. मी सायकलवर खाली थांबलो होतो. एका पक्षाचे चार कार्यकर्ते धावत आले. "धम्मा, थांब, आमी नेतो तुले." मला बोलूही दिलं नाही. एकानं बगलेत धरलं, दुसऱ्यानं पाय धरले आणि उचललं. मत दिलं, खाली आणलं. मला वाटलं, भली माणसं आहेत. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर माझा फोटो होता. मी अधांतरी लोंबकळतोय, शर्ट पोटावरून वर गेलाय, आणि खाली लिहिलंय, 'दिव्यांग बांधवाला आमच्या पक्षाचा आधार, बांधवाची साथही आम्हालाच!'

मी कोणाला मत दिलं होतं, हे त्या चौघांना माहीत नव्हतं. पण गावानं ठरवून टाकलं. दुसऱ्या बाजूची गिऱ्हाइकं दुकानासमोरून सरळ पुढं जायला लागली. एकानं तर तोंडावर सांगितलं, "तू त्यायचा मानूस. माहा मोबाइल तुह्याकडं कावून देऊ?" कितीतरी महिने मला हे पुसता आलं नाही. लोकांना वाटतं, उचलून नेणं म्हणजे मदत. असेलही. पण उचललेल्या माणसाला कोणी विचारतं का की बाबा, तुला उचलू का?

तेव्हा मी घरी सांगून टाकलं, यापुढं मत देईन तर माझ्या हातांनी जाऊन देईन. नाहीतर देणार नाही.

मग आली दोन हजार चोवीसची लोकसभा. एप्रिल महिना. आपल्याकडचं ऊन मी तुम्हाला काय सांगू? घरून मतदान करायची सोय त्या वेळी झाली होती, हे खरं आहे. पण अर्ज द्यायचा असतो हे आमच्या गावात कळेस्तोवर मुदत निघून गेली होती. आणि मनातलं सांगू? मला रांगेतच मत द्यायचं होतं. रांगेत उभं राहून... म्हणजे बसून.

केंद्रावर, म्हणजे आमच्या गावच्या शाळेत गेलो आणि जिना पाहिला. खालच्या खोल्यांची फरशी बदलायला म्हणून सगळं उखडून ठेवलेलं, म्हणून मतदान पहिल्या मजल्यावर. जिना बाहेरून, भिंतीला लागून, वर छप्पर नाही. सिमेंट असं तापलेलं की भाकरी भाजावी. दिव्यांगांसाठी व्हीलचेअर आहे का, असं मी बंदोबस्तावरच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "हाये ना." कुठे? "वर हाये." सामानाबरोबर कोणीतरी ती वर चढवून ठेवली होती. हसू नका मंडळी, त्या दिवशी मलाही हसू आलं होतं, पण ते वेगळं हसू होतं.

झालं, पुन्हा तेच. "चाल, उचलतो तुले." मी म्हणालो, "नाही." दोघं-तिघं आणखी आले. "अबे, लाजतो काय? दोन मिनिटाचं काम हाये." मी सायकलवरून उतरलो आणि जिन्याच्या पायथ्याशी सावलीत बसलो. म्हणालो, "तुमच्या मोठ्या साहेबांना बोलवा."

साहेब नव्हते, बाई होत्या. केंद्राध्यक्ष म्हणून जमुनाताई गावंडे. वरचं काम सहकाऱ्यांच्या हवाली करून त्या खाली आल्या. घामानं डबडबलेल्या, आदल्या दिवसापासून त्याच शाळेत मुक्काम, डोळे लाल. खोटं कशाला बोलू, त्यांनीही आधी तेच सांगितलं. "दादा, मशीन खाली आणता येत नाही. चौघं तुम्हाला सांभाळून वर नेतील, मी स्वतः बाजूला उभी राहते."

मी त्यांना फोटोची गोष्ट सांगितली. अगदी थोडक्यात सांगितली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी केंद्रांवर देखरेख करणाऱ्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन लावला. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "म्याडम, उचला अन् पाठवा वर. एका मतदारासाठी रांग थांबवू नका." बाईंनी फोन बंद केला आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. म्हणजे आम्ही दोघं एका उंचीवर आलो. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा. मी काय करू?"

मंडळी, सज्ञान झाल्यापासून मी मतदान करतोय. मदत करणारे पुष्कळ भेटले. पण काय करू, असं विचारणारं हे पहिलं माणूस.

मी म्हणालो, "मी बसत बसत हातांनी वर येतो. मला कोणी हात लावायचा नाही. फोटो काढायचा नाही. अन् वेळ लागंन, तो द्या."

"दिला," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी काय केलं पाहा. शाळेच्या पोषण आहाराची रिकामी पोती पडली होती, ती आणून पायऱ्यांवर अंथरली, माझे हात भाजू नयेत म्हणून. जिन्यावरची माणसं खाली घेतली. एका पक्षाच्या पोरानं खिशातून मोबाइल काढला, तो त्यांनी शिपायाकडे जमा करायला लावला. पोरगं म्हणालं, "म्याडम, चांगली बातमी होते ना." बाई म्हणाल्या, "तो मत द्यायला आलाय, बातमी व्हायला नाही."

मी जिन्याकडे पाठ केली, हात मागच्या पायरीवर टेकवले आणि अंग वर उचललं. मग पाय ओढून घेतले. मग पुढची पायरी. पोत्यावरूनही झळ लागत होती. तोंड खाली, लोकांकडे. अख्खी रांग माझ्याकडे पाहत होती, आणि कुठं पाहावं ते मला समजत नव्हतं.

रांग थांबली होती, त्यामुळे कुरकुर सुरू झाली. आमचे खुशालराव, मोठे शेतकरी, माणूस तापट, ते ओरडले, "ओ म्याडम! घरी लगन हाये माह्या पुतणीचं. हळद लागून राहिली तिकडं. एकाच्यापायी साऱ्यायनं तपत राहाचं का?"

बाई जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, रांगेत याचा नंबर तुमच्या आधी आहे. याचं मत झालं की तुमचं."

तेवढ्यात रांगेच्या मागून इंदूबाई पुढं आल्या. पंचाहत्तरीच्या पुढची म्हातारी. गुडघे पार गेलेले. त्या म्हणाल्या, "बाप्पा, पोते टाकलेच हायेत तं मीबी अशीच बसत बसत येतो. माह्यानं हा जिना होतच नाई. मी तं वापस घरी चालली होती." आणि लुगडं सावरून खरोखर माझ्या खालच्या पायरीवर बसल्या. मी एक पायरी चढायचो, मग त्या चढायच्या. मध्येच थांबून मला म्हणाल्या, "धम्मा, घाई नको करू रे. मले दम लागून राहिला." रांगेत कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि ते हसू मला टोचलं नाही. खुशालरावांनी डोक्यावरचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि रुमाल पुन्हा बांधला.

वर पोहोचलो, तर व्हीलचेअर माझी वाट पाहत होती. तिच्यातच बसून मी मशीनपर्यंत गेलो आणि मत दिलं. हाताचे तळवे सोलले होते, पण बोट शाबूत होतं.

गोष्ट इथं संपली असती, तर मी आज आलो नसतो. फोनवर आभार मानले असते.

महिना-दीड महिन्यानं खालच्या मजल्यावर केंद्र करा, असा अर्ज घेऊन मी एका कार्यालयात गेलो. तिथला एक बाबू म्हणाला, "अच्छा, तो तुमीच काय? तुमच्यापायी त्या म्याडमले नोटीस गेली ना." मी विचारलं, कसली नोटीस? मतदान संथ का झालं, याचा खुलासा बाईंना मागितला होता. त्यांना सुचवलं गेलं होतं म्हणे, की एका मतदारानं अडथळा आणला, असं लिहा म्हणजे तुम्ही सुटाल. बाईंनी लिहिलं, 'मतदारानं अडथळा आणला नाही. अडथळा जिन्याचा होता.' निवृत्ती दोन वर्षांवर आलेल्या, घरी लेकीचं लग्न ठरलेलं. अशा वेळी आपल्यातल्या किती जणांनी हे लिहिलं असतं? मी स्वतः लिहिलं असतं का, मला सांगता येत नाही.

बाईंनी मला यातलं अक्षरही कळवलं नव्हतं.

मी गावात आलो आणि त्या दिवशी रांगेत असलेल्या माणसांकडे गेलो. म्हणालो, आपला कोणाचाही खोळंबा झाला नाही, असं निवेदन देऊ. इंदूबाई लगेच तयार. बाकीचे म्हणाले, पाहू, विचार करू, सरकारी काम हाये. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर खुशालराव बाहेर उभे. मला वाटलं, भांडायला आले. ते म्हणाले, "मी त्या दिवशी ओरडलो, हे खरं हाये. मले उशीर झाला, हेबी खरं हाये. पण त्या बाईची चुकी नव्हती, हेबी तितकंच खरं हाये. आन इकडं तो कागद." त्यांनी सही केली म्हटल्यावर अख्ख्या गावानं केली.

निवेदन द्यायला खुशालरावांच्या गाडीतून ते, इंदूबाई आणि मी असे तिघं निवडणूक कार्यालयात गेलो. तिथंही साहेबांची खोली वरच्या मजल्यावर! खुशालराव माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बस इथंच. आता साहेबच खाली येते." आणि ते वर गेले. काय बोलले ते त्यांनाच ठाऊक, पण अधिकारी खरंच खाली आले. त्यांनी माझ्याजवळ खुर्ची घेतली, नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न इंदूबाईंना विचारले. पुढं बाईंचा खुलासा मान्य झाला आणि नोटीस दफ्तरी दाखल होऊन प्रकरण मिटलं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विधानसभा होती. कापूस वेचणीचे दिवस, बायांना शेतात जायची घाई. आमचं केंद्र खालच्या खोलीत, दाराला नवा उतार. मी सायकल थेट आत नेली, मत दिलं, बाहेर आलो. कोणाचा हात लागला नाही, कोणाचं लक्षही गेलं नाही. मागं वळून पाहिलं, तर इंदूबाई काठी टेकत उतारावरून चढत होत्या आणि मला हातानं खुणावत होत्या, की हो बाजूला, वाट सोड.

या शाळेतल्या मुलांनो, तुमच्या बाईंनी तुम्हाला गणित, भाषा, परिसर अभ्यास, सगळं शिकवलं असेल. तुम्ही मोठे व्हाल, कोणी साहेब व्हाल. तुमच्यासमोर एखादा माणूस अडून बसला, तर त्याला उचलण्याआधी विचारा. उत्तर ऐकायला थांबा. त्यापायी नोटीस आली तर येऊ द्या. आपण खरं लिहिलं असलं की मागं उभं राहायला माणसं येतात. थोडी उशिरा येतात, पण येतात.

बाई, तुम्ही आज शाळेतून निवृत्त होताय. अजून जिल्ह्यात उतार नसलेली पुष्कळ दारं आहेत. आम्ही काही दिव्यांग मंडळी येत्या निवडणुकीआधी केंद्रं पाहत फिरणार आहोत. तुम्हाला मोकळा वेळ आहे असं समजून तुमचं नाव मी आधीच सांगून टाकलंय. नाही म्हणू नका.

अमोल सरांचे, आयोजकांचे आणि एका परक्या माणसाचं इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मला भाषणाची सवय नाही. कोणाचा मान राखायचा राहिला असेल, बोलताना कुठं जीभ तिखट झाली असेल, तर आपल्याच तालुक्याशेजारचा भाऊ समजून पोटात घाला.

एवढंच शेवटचं सांगतो. नोव्हेंबरात मत देऊन बाहेर आल्याबरोबर मी बाईंना फोन केला होता. म्हणालो, "म्याडम, झालं मत. माझ्या सायकलवर, माझ्या हातांनी."  मग बाई, इतकी शुद्ध बोलणारी बाई, आपल्या वऱ्हाडीत म्हणाल्या, "लय चांगलं झालं धम्मदीप. पण कोनाले देलं, ते मले नोको सांगू."

नाही सांगितलं, बाई. जयभीम. नमस्कार.