बैठकीचा नवा भाव

(रहिमतपूर रस्त्यावरचं एक कलाकेंद्र. दुपारचे चार. केंद्राचे मालक नानासो, लावणी पार्टीच्या प्रमुख लीलाबाई आणि त्यांचे ढोलकीवाले बशीर.)

लीलाबाई : ...म्हणून सांगते, भाव खाली घ्या. पुन्यांदा तासाला तीन हजार करा.

नानासो : आवं, पाच करायला तुमीच लावलं नव्हं? "भाव चढवा, टवाळ पोरं आपोआप बंद हुतील." ह्याच खुर्चीत बसून म्हणाला हुतासा.

लीलाबाई : म्हणाले व्हते. चुकलं माझं.

बशीर : टवाळ पोरं वर्गणी काढून येत्यात, नानासो. पाच जण, माणशी हजार. एकटा येऊन ऐकणारा बंद झाला. पलूसचे सयाजी सुभेदार म्हैन्याला यायचे. फोन केला तर म्हणाले, पेन्शनीत बसंना, बशीर.

नानासो : मग मी काय करू? लाईट बिल वाढलं, लायसनची फी वाढली. पलीकडच्या केंद्रात सहा हजार रेट हाय. आन् बुकिंग वाढलंय आपलं. तुमचा वाटा वाढला का न्हाई, लीलाबाई?

लीलाबाई : वाढला. पर तीन हजारवाला लांब बसून "होऊ द्या बाई" म्हणायचा. पाच हजारवाला पुढं सरकतो. परवा नाचताना एकानं आपल्या सोनियाचा पदर धरला. मी मधी पडले तर म्हणतो, पाच हजार कशाचं दिलं?

नानासो : त्याला बाहेर काढला की मी!

लीलाबाई : तास संपल्यावर.

नानासो : ...बरं, ते ऱ्हाऊ द्या. साडेचारची बैठक हाय. गिऱ्हाइकं साताऱ्यातनं निघाल्यात, पैसं बी आलं मोबाईलवर.

लीलाबाई : परवाचा हाय का त्यात?

नानासो : दारात माणूस उभा करतो. सोनिया काय ल्हान हाय व्हय? सव्वीस वर्षांची बाई.

लीलाबाई : हाय का त्यात?

नानासो : हाय.

लीलाबाई : मग ही बैठक मी करते.

नानासो : गुडघं धरून? गिऱ्हाइकानं नाव सांगून बुकिंग केलंय. सोनियाच पायजे म्हणून.

बशीर : नाव सांगून? आजवर पार्टी बोलावत्यात, बाई न्हाई. रीत हाय ती.

नानासो : ह्या म्हैन्यापासनं घेतोय. नावाचं हजार जास्त.

लीलाबाई : मला न सांगता?

नानासो : सांगणारच व्हतो.

लीलाबाई : बशीरभाई, ढोलकी गवसणीत घाला.

नानासो : आवं, एका बैठकीपायी सहा वर्सांची जागा सोडताय? दुसरीकडं काय निराळं हाय?

बशीर : निराळं न्हाई, लीलाबाई. चार ठिकाणी इचारलंय मी.

लीलाबाई : तरी घाला.

बशीर : सोनियाला मी सांगू?

लीलाबाई : नको, मी जाते. दुपारपासनं नटत बसलीया ती.